मेणकापडाचे सहा तुकडे

सकाळचे नऊ वाजले असतील. मी डबे भरत होते, त्यामुळे फोन सासूबाईंनी घेतला. "हो... आहे ना... बरं, सांगते," एवढंच त्या बोलल्या आणि रिसीव्हर हातात तसाच धरून मला म्हणाल्या, "वृंदा, डोंबिवलीहून फोन होता. तुझी ती लग्नाला न आलेली आत्या... गेली गं."

लग्नाला न आलेली आत्या. आमच्या ठाण्याच्या घरात शालूआत्याची ओळख सात वर्षं एवढीच होती. सासूबाई हे वाईट हेतूनं म्हणत नसत. एखाद्याला आपण लांब नाकाचे काका म्हणतो ना, तसं. आणि दर वेळी मी मान खाली घालून हातातलं काम करत राहायचे. ती का आली नाही हे जगात फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक गेली. आता दीड महिना होऊन गेला, आणि उरलेली मी आज लिहायला बसलेय.

शालूआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. डोंबिवली पूर्वेला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका चाळीत तिची एक खोली. माझं नाव तिनंच ठेवलेलं. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचाच असतो, आणि बाकी सगळे 'सुनीता' म्हणत असताना हिनं परस्पर माझ्या कानात 'वृंदा' सांगून टाकलं. घरात त्यावरून थोडी धुसफूस झाली म्हणे. पण कानात सांगितलेलं नाव परत कसं घेणार? मी अकरावीत असताना आई गेली. त्यानंतर माझ्या वेण्यांपासून ते परीक्षेच्या फॉर्मपर्यंत सगळं आत्यानं पाहिलं. तेही मोठा त्याग-बिग केल्याचा आव न आणता. "हलू नकोस, तेल लावू दे नीट," असं खेकसत.

पण आमच्या अख्ख्या गोतावळ्यात आत्या प्रसिद्ध होती ती मुंबई दाखवण्यासाठी. आमचं गाव राजापूरकडचं. मे महिना आला की तिकडून कुणी ना कुणी यायचंच. कुणाला दवाखाना, कुणाला मुलाची नोकरी, निमित्त काहीही असो, शेवटी हळूच विचारणार, "एकदा समुद्र बघायचा होता मुंबईचा." गावात समुद्र असूनसुद्धा! मग आत्याकडे निरोप जायचा. तिच्या पाळ्या फिरत्या, त्यामुळे आठवड्यातली भलतीच सुट्टी तिच्या वाट्याला यायची, आणि ती सुट्टी ती पाहुण्यांवर खर्च करायची. तिचा नियम एकच. व्हीटी स्टेशनाच्या बाहेर पाऊल टाकलं की पाकीट बंद. मुंबई बघायला पैसे लागतात ही पैसेवाल्यांनी उठवलेली आवई आहे, असं तिचं ठाम मत होतं.

तिची वाट ठरलेली. आधी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवरून स्टेशनाची इमारत दाखवायची, कारण "आतून सगळेच बघतात." मग मोठ्या पोस्टाचा घुमट, तिथली कबुतरं. मग टाऊन हॉलच्या पायऱ्या. त्यांवर पाहुण्यांना मोजून दहा मिनिटं बसवायची आणि सांगायची, "आता इथून बघा, साहेबाला मुंबई कशी दिसत असेल ती." कुणाला दम असेल तर हायकोर्टात मागच्या बाकावर बसून खटला ऐकायचा. आमच्या बायोमावशीनं एकदा तिथं दोन तास कसलासा वाटणीचा दावा ऐकला आणि गावी जाऊन सांगितलं की मुंबईतही आपल्यासारखेच भांडतात. ऊन चढलं की काळ्या घोड्याजवळच्या चित्रांच्या गॅलरीत. तिथं तिकीट नाही, पंखे मात्र आहेत. "चित्रापुढं उभं राहायचं, मान जरा तिरकी करायची, कुणी उठवत नाही," हे आत्याचं कलाविषयक शिक्षण. शेवटी गेटवे. तिथं कठड्यापाशी ती आपली खाकी पिशवी उघडायची आणि मेणकापडाचे तुकडे वाटायची.

हे मेणकापड तिच्या फळीवर घालायचं होतं. निळ्या चौकटीचं. ते उरलं, तर तिनं त्याचे बसण्यापुरते सहा तुकडे कापले आणि कडांना दोरा घालून शिवले, म्हणजे उसवायला नको. दगड तापलेला असो की ओला, पाहुण्याला काही जाणवायला नको. मग डबा निघायचा. तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचं लोणचं, एका बाटलीत कोकम सरबत. लोक बोटींकडे बघत खायचे. आत्या त्यांच्याकडे बघत बसायची. "समुद्राला तिकीट नाही म्हणून त्याला कमी समजू नका," असं दर वेळी म्हणायची. लहानपणी मी प्रत्येक फेरीला तिच्याबरोबर असायचे, पिशवीचा एक बंद तिच्या हातात आणि एक माझ्या. बाबांना मात्र तिनं कधी नेलं नाही. ते अंबरनाथच्या कारखान्यात, आठवड्याला एक सुट्टी, तीही झोपेत जायची. "अण्णा रिटायर झाला की त्याला नेणार. नीट. दिवसभर," असं ती म्हणायची.

आणि मग मी नोकरीला लागले. ठाण्यात एका कंपनीत. ऑफिसातल्या मुली हॉटेलात जेवायच्या, रिक्षाशिवाय हलायच्या नाहीत. मला हळूहळू आत्याच्या पिशवीची लाज वाटायला लागली. खरं ते असंच आहे.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. माझं लग्न ठरलं. सुधीर ठाण्यातच नोकरीला, माणसं साताऱ्याची. बघण्याच्या दिवशी आत्याला दुपारपाळी होती, बदली मिळाली नाही. त्यामुळे तिची आणि त्यांची भेटच झाली नव्हती. लग्नाच्या महिनाभर आधी सासूबाई आणि नणंद लता ठाण्याला नातेवाइकांकडे येणार होत्या, आणि लतानं चिठ्ठीत लिहिलं होतं, "वहिनी, मुंबई दाखवायची हं." बाबांनी अर्थातच आत्याला सांगितलं. आत्यानं रजा टाकली. मला म्हणाली, "तुझी सासू म्हणजे खास पाहुणी. हायकोर्ट गाळू, पुऱ्या मात्र जास्त करू."

मला रात्रंदिवस एकच चित्र दिसायला लागलं. माझी होणारी सासू गेटवेच्या कठड्यावर मेणकापड टाकून बसलीय आणि आल्यागेल्यांसमोर डब्यातून पुऱ्या खातेय. काय म्हणतील? मुलीकडचे अगदीच फाटके आहेत, म्हणतील. मी ऑफिसातल्या एकाच्या ओळखीनं दिवसभरासाठी गाडी ठरवली. बाबांना सांगितलं की आत्या येतेय बरोबर. आणि आदल्या दिवशी आत्याकडे जाऊन सांगितलं, "आत्या, त्यांचं येणं रद्द झालं गं." ती पुऱ्यांची कणीक तिंबत होती. "अरे देवा," म्हणाली, "बरी आहेत ना सगळी?" मी म्हटलं, "हो, बरी आहेत." एवढंच. आजवर मी बोललेल्या सगळ्या खोट्यांमध्ये हे सगळ्यात लहान होतं.

गाडीनं घात केला. सासूबाईंना गाडी लागते हे कुणाला ठाऊक? घाटातसुद्धा त्या डोळे मिटून येतात, हे लतानं वांद्र्याच्या पुढे गेल्यावर सांगितलं. ऊन रणरणतं, काचा उघड्या तरी आत भट्टी, ड्रायव्हरला घाई. "ती बघा हाजी अली, ती बघा चौपाटी," असं मी सांगत होते आणि सासूबाई पदर तोंडाला लावून मान हलवत होत्या. गेटवेला गाडी थांबली तेव्हा त्या खाली उतरल्या त्या थेट गटाराकडे वाकल्या. लता रडवेली. मी पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं... आणि कठड्यावर आत्या बसलेली दिसली.

एकटी. निळ्या मेणकापडावर. शेजारी डबा. रजा टाकलेली, पुऱ्या केलेल्या, मग घरी बसून काय करायचं, म्हणून ती एकटीच आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं, मग गाडीकडे. किती वेळ लागला असेल? बाटलीचं झाकण उघडायला लागतो तेवढा. ती उठली आणि सरळ सासूबाईंपाशी आली. "आधी तोंड धुवा," म्हणाली. "गाडी लागली वाटतं. या, सावलीच्या बाजूला या. दगड तापलाय, थांबा, हे घालते." आणि पिशवीतून मेणकापड काढून त्यांना बसवलं. आवळासुपारी दिली. सरबत दिलं. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी बोलायला हवं होतं. "आई, ही माझी आत्या." चार शब्द. माझ्या जिभेवर काय दगड ठेवला होता देव जाणे. एक मिनिट गेलं, दोन गेली, आणि मग तर बोलायची सोयच उरली नाही.

सासूबाईंना बरं वाटल्यावर त्यांना चक्क भूक लागली. आत्यानं डबा उघडला. "घ्या हो, संकोच करू नका. माझ्याकडे पाहुणे यायचे होते, आले नाहीत. एवढं मी एकटी काय करू?"

सासूबाईंनी पुरी घेतली. लतानं घेतली. आत्यानं डबा माझ्यापुढे धरला, आणि मी घेतली. खाल्ली.

"तुमचं कोण आहे इथं मुंबईत?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे की. एक भाची आहे."

"मग तिला घेऊन यायचं बरोबर."

"ती कामात असते हो," आत्या म्हणाली. "हुशार आहे फार."

मग तिनं त्यांना तासभर फिरवलं. गॅलरीत नेलं, पंख्याखाली उभं केलं, मान तिरकी करायला शिकवलं. सासूबाई हसल्या, त्या दिवसातलं पहिलं हसू. मी मागून चालत होते, अनोळखी बाईच्या मागे चालावं तशी. निघताना सासूबाई मेणकापड घडी करून परत द्यायला लागल्या, तर आत्या म्हणाली, "राहू दे हो, गाडीत गरम होईल, अंगाखाली घ्या. माझ्याकडे अजून पाच आहेत." आणि मग माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच. "ताई," म्हणाली, "ह्यांना जाताना पुढच्या सीटवर बसवा. त्रास होणार नाही."

ताई. बसवा. जिनं माझ्या कानात माझं नाव सांगितलं, ती मला 'ताई' म्हणाली. मला वाचवायला म्हणाली.

तीन दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी गेले तर ती गवार मोडत होती. मी, "आत्या, ते त्या दिवशी..." एवढं म्हटलं तर म्हणाली, "तुझी सासू चांगली आहे गं. पाणी दिलं तर आधी मुलीला दिलं तिनं. जा, पातेलं आण." विषय संपला. लग्नाच्या दोन दिवस आधी दुपारी ती मला चुडा भरायला आली, आणि बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "मी लग्नाला येत नाही. तुझ्या सासूला माझा चेहरा लक्षात असेल." मी म्हटलं, "काहीतरी सांगू की आपण." ती म्हणाली, "काय सांगशील?" मी दुसरा हात पुढे केला. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्या हातात माझा हात होता, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

बाबांना तिनं ड्यूटीचं कारण दिलं. बाबा भडकले. "सख्ख्या भाचीच्या लग्नाला हिला ड्यूटी? आई नाही पोरीला, आणि ही..." मांडवात जो येईल तो विचारायचा, शालू कुठाय, आणि दर प्रश्नागणिक बाबांचा चेहरा काळवंडत जायचा. मी बोहल्यावर उभी राहून बघत होते. त्या दिवाळीत त्यांनी तिला निरोप पाठवला की भाऊबीजेला येऊ नकोस. एका गावात, दहा मिनिटांवर, भाऊ-बहीण सात भाऊबीजा वेगळे. ती करंज्यांचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवून जायची. बाबा तो उघडायचे नाहीत. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना आता." ते म्हणाले, "तू तिची बाजू घेऊ नकोस. तुझ्याच लग्नाला आली नाही ती." यावर कुठलीही माणुसकी असलेली मुलगी बोलली असती. मी चहा टाकायला उठले.

सासरे गेल्यावर सासूबाई ठाण्याला आमच्याकडे राहायला आल्या. तोवर आत्या अधूनमधून यायची, त्यानंतर आली नाही. "जिने चढवत नाहीत," म्हणायची. पाहुण्यांना व्हीटीपासून गेटवेपर्यंत पळवणारी बाई! फोन करायची, पण सासूबाईंनी उचलला की ठेवून द्यायची. "आजही आला होता तो मुका फोन," असं त्या वैतागून सांगायच्या. आणि दुपारी गॅलरीत बसून त्या तांदूळ निवडायच्या, ते त्या निळ्या मेणकापडावर. साताऱ्याहून बरोबर आणलेलं. आल्यागेल्याला सांगायच्या, "हे गेटवेच्या बाईंनी दिलं. मुंबईत अशी माणसं आहेत बरं का." माझी मुलगी त्यावर रांगायला शिकली. मी ते रोज झटकून वाळत घालत होते.

आत्याच्या अंत्यविधीला सासूबाई येऊ शकल्या नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. बाबा आले. सगळं आटपल्यावर एवढंच म्हणाले, "आली असती लग्नाला, तर काय बिघडलं असतं हिचं?" तेराव्यानंतर खोली रिकामी करायची होती. बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली, स्वतः आत आले नाहीत. खोलीत फार काही नव्हतंच. दाराच्या मागे खिळ्याला ती खाकी पिशवी. आत डबा, बाटली आणि रबर लावून ठेवलेले मेणकापडाचे पाच तुकडे. मी पिशवी घेऊन ठाण्याला आले आणि दिवाणावर ठेवून हातपाय धुवायला गेले.

बाहेर आले तर सासूबाईंनी ते पाच तुकडे मांडीवर घेतले होते. गॅलरीतला सहावा आणून त्यांच्याशेजारी ठेवला होता. निळ्या चौकटी, कडांना तोच पांढरा दोरा. त्यांनी एका कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तो मुका फोन... त्याच का गं?"

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मी काय खाणार होते का गं तिला? त्या दिवशी गाडीत मी मनात म्हणत होते, ही मुलगी फार खर्चिक दिसते, सुधीरला झेपेल का. ती बाई भेटली म्हणून दिवस पदरात पडला." मग एकदम विचारलं, "वडिलांना सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्यापुढे काय रडतेस? मला निदान तिच्या पुऱ्या तरी मिळाल्या. त्यांना काय मिळालं?" आणि सहाच्या सहा तुकडे घडी करून, रबर लावून माझ्या हातात दिले.

गेल्या रविवारी ती खाकी पिशवी घेऊन डोंबिवलीला गेले. बाबा पेपर वाचत होते. मी सांगत गेले, ते पेपरकडेच बघत राहिले, पान मात्र उलटलं नाही. मला वाटलं ओरडतील, हाकलून देतील. मला ते हवंही होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सात दिवाळ्या," एवढंच म्हणाले. मग उठून चपला घातल्या. "चल."

"कुठं?"

"ती मला नेणार होती, रिटायर झाल्यावर. वाट ठाऊक आहे ना तुला?"

व्हीटीला उतरलो. मी आत्याच्या वाटेनं नेलं. आधी पलीकडच्या फुटपाथवरून स्टेशन. मग पोस्टाचा घुमट. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं. मी थांबले की बाबा थांबत, निघाले की निघत. पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात धरली होती, मला दिली नाही. गेटवेला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. कठड्यापाशी त्यांनी रबर काढलं, मेणकापडाचे दोन तुकडे उचलले आणि शेजारी शेजारी पसरले. हातानं सपाट केले. एकावर स्वतः बसले.

मी दुसऱ्यावर बसायला गेले.

"तिथं नको," बाबा म्हणाले.

ते समुद्राकडे बघत होते. मी पिशवीजवळ उभी राहिले, निघेपर्यंत.